वांग्याला माग लागतो

बारा डबे गच्चीवर. रंगाचे, वीस लिटरचे,
कडांना अजून कुणाच्या तरी घराचा पिवळा.
खिळा तापवून तळाला भोकं मीच पाडली.
माती हिप्परग्याच्या तळ्याकाठची,
रिक्षावाल्यानं पोत्याचं भाडं वेगळं घेतलं.

बी नागम्मानं दिलं. काटेरी देठाचं,
जांभळ्यावर पांढऱ्या रेघा.
म्हणाली, चार-पाच पानं येईतो रोप हलवू नको,
आणि तंबाखूच्या हातानं शिवू नको बघ, पानं आकसतात.

मी दिवसाला हजार विड्या वळते.
माझे हात म्हणजे तंबाखूच.
साबण, मग लिंबाची साल, मग पुन्हा साबण.
सासूच्या देव्हाऱ्यापुढंही
मी एवढी सोवळी नव्हते कधी.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
आधी घागर, मग माणसं,
तांदूळ धुतलेलं ते झाडांचं.
दुपारी शेंड्यानं मान टाकली
आणि दिवेलागणीला उचलली, तर ती तहान.
नाहीच उचलली, तर आत अळी.
मग पानं कातरायची तीच कात्री घ्यायची,
वीतभर खालून शेंडा उडवायचा,
पिशवीत गाठ मारून लांब टाकायचा.
कीव केली की झाड जातं.

पहिल्या वर्षी भोगीला
भद्रावती पेठेतली अर्धी गल्ली माझ्या वांग्यांवर जेवली.
हाताला गुण आहे म्हणाले सगळे.
मीही मान डोलवली. का नाही?

तेव्हा खाली दोन माग चालायचे.
फडताळात कपबशा रात्रंदिवस किणकिणत,
भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं व्हायचं,
आणि मी यांना म्हणायचे,
जरा बंद करा हो, डोकं उठलं.

जेठात बंद झाले.
टेंपो आला, वजनकाटा आला,
चाळीस वर्षांची चादर विणणारं लोखंड
किलोवर गेलं.
पहिले आठ दिवस मला झोप लागली नाही,
एवढी शांतता होती.

पुन्हा रोपं लावली. तीच माती, तेच बी.
आश्विनात फुलं आली, जांभळी, खाली मान घातलेली,
आणि तिसऱ्या दिवशी देठासकट गळाली.
उन्हाला दोष द्यावा, तर ऊन उतरलेलं.
राख घातली, ताक घातलं,
एका डब्याला शिवीसुद्धा घातली.

नागम्मा आली. एक फूल उलटं करून बघितलं.
म्हणाली, याची पिवळी भुकटी नळीत कोंडलेली असते,
मिठाच्या डबीसारखी. हलवल्याशिवाय सांडत नाही.
भुंगा गुणगुणतो तेव्हा सांडते. वाऱ्यानंही सांडते थोडी.
तुझ्या गच्चीला तिन्ही बाजूंनी भिंती, भुंगा तर दिसत नाही.
मग गेल्या वर्षी कोण हलवत होतं गं?

मी पायाखालच्या स्लॅबकडं बघत राहिले.

आता सकाळी हात धुऊन वर जाते.
विडीचं तोंड बंद करताना मारतो तशी
हलकी टिचकी, फुलामागच्या देठाला.
एका फुलाला दहा, मग पुढचं.

परवा हे रात्रपाळीवरून आले,
वॉचमनची शिट्टी गळ्यात तशीच.
"काय करलालीस?"
"माग चालवलाले."
हसतील वाटलं. हसले नाहीत.
थोडा वेळ बघितलं, मग म्हणाले,
एवढा सावकाश? धोटा मध्येच अडकेल.
आणि बुंध्याला अंगठा लावून
खट्-खटाक्, खट्-खटाक्,
मिनिटाला किती, ते ओठांत मोजत,
ऊन अंगावर येईपर्यंत.

चौथ्या डब्यात एक फूल राहिलंय.
राहिलंय, एवढंच म्हणते.
हे आता चप्पल काढायच्या आधी वर जातात.

खाली मागांच्या जागी
फरशीत बोल्टांची आठ भोकं आहेत.
झाडताना केरसुणी तिथं अडते.
ती मी अजून बुजवलेली नाहीत.